कुंकू लावलेली म्हैस

माझ्या हाताला वळण नाही, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. माझी भाकरी तव्यापर्यंत पोचायच्या आत तिचे काठ फाटलेले असायचे. वाती वळायला बसवलं तर कापूस वाया जायचा. करंज्यांचं तर विचारूच नका. मी मिटवलेली करंजी तेलात पडली की उघडायची, सारण बाहेर यायचं आणि कढईतलं सगळं तेल काळं व्हायचं. म्हणून दिवाळीत आई मला चुलीपासून लांब बसवायची. "तुझ्या हाताला वळणच न्हाय बग," असं ती म्हणायची, तेही रागानं नाही, आमटीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं. राग मला यायचा. मी पहिल्यापासून तापट. एकदा करंज्यांचं ताट आपटून मी उठून गेले, तर आई एवढंच म्हणाली की ताट तरी सरळ ठिवायचं.

पुस्तकात मात्र मी पुढं होते. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर हट्ट करकरून मी नातेपुत्याहून सोलापूरला आले, मुलींच्या अध्यापक विद्यालयात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि राहायला तिथलंच वसतिगृह. पहिल्या वर्षी बाकीच्या सगळ्या विषयांत चांगले गुण मिळाले आणि हस्तव्यवसायात मी आपटले. टकळीवर सूत काढायचं होतं. माझं सूत चार बोटं आलं की तुटायचं. निकालाचं पत्र घरी गेलं तेव्हा वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आजून एक बारी बग. यंदाबी नापास झालीस तर ट्रंक घिऊन गुमान परत यायचं. पावण्यांची पोरं बगून ठिवलीत." वडील थट्टा करणारे नव्हते. मी दुसऱ्या वर्षाला ट्रंक घेऊन आले ती पुरती उघडलीच नाही, अर्धे कपडे तिच्यातच राहिले.

दुसऱ्या वर्षी हस्तव्यवसायाला मातीकाम होतं. आमच्या गटात आम्ही नऊजणी. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि पदर कायम कमरेला खोचलेला. त्यांनी पहिल्याच तासाला परीक्षेचा विषय सांगून टाकला. प्रत्येकीनं मातीचा एक पोकळ प्राणी करायचा, चाक न वापरता, साचा न वापरता, नुसत्या बोटांच्या चिमटीनं. तो भट्टीत भाजायचा आणि अखंड बाहेर आला तर परीक्षकांपुढं ठेवायचा.

"मातीचा गोळा डाव्या हातावर घ्या," बाई म्हणाल्या. "मधोमध उजवा अंगठा रोवा. आता अंगठा आत, बोटं बाहेर, आणि चिमटी घेत घेत गोळा फिरवत राहा. काही अवघड नाही. पुरण भरायला कणकेची पारी करता की नाही, तशीच वाटी करायची. अशा दोन वाट्या केल्या की तोंडाला तोंड लावून मिटवायच्या. पोट झालं. पोट झालं की प्राणी झालाच म्हणायचा."

वर्गात आनंदीआनंद झाला. पुरणाची पारी कुणाला येत नव्हती? मी मात्र ओळखलं की आपण मेलो. टकळीच्या तावडीतून सुटून मी थेट करंजीच्या तावडीत सापडले होते.

माती कुंभार वेशीकडच्या एका कुंभारणीकडून यायची. तिला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो. आमच्या प्राण्यांची भाजणीही तिच्याच भट्टीत व्हायची होती, त्या भट्टीला ती आवा म्हणायची. तिनं माती हातात दिली आणि सांगितलं की नुसत्या मातीला तडा जातो, त्यात राख पायजे आणि घोड्याची लीद पायजे, राख मी देते, लीद तुमची तुमी आणा. लीद आणायला बाईंनी मला आणि दुधनीच्या मुलीला धाडलं.

ही दुधनीची माझी खोलीतली सोबतीण. तिच्या घरी कानडी बोलायचे, मराठी ती आमच्यापेक्षा दीडपट वेगानं बोलायची, आणि तिचा हात असा सुबक की वसतिगृहातल्या पोळ्यांतून तिची पोळी कुणीही ओळखावी. आम्ही बादली घेऊन स्टेशनासमोरच्या टांग्यांकडं गेलो. टांगेवाल्यानं आमच्या पांढऱ्या साड्यांकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं. "क्या करते जी इसका?" त्यानं विचारलं.

"बैल करतोय," दुधनीची म्हणाली.

त्यानं पुढं काही विचारलं नाही. बादली काठोकाठ भरून दिली.

माती मळायला दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस मला फार आवडले. मळायला वळण लागत नाही, जोर लागतो, आणि जोर माझ्याकडं भरपूर होता. पायांनी तुडव, हातांनी आपट, खडे वेच. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की आम्ही हात धुवायला पळायचो आणि नखांतली माती न निघाल्यामुळं चमच्यानं भात खायचो. लिदीच्या वासाची आधी किळस आली, मग सवय झाली, मग माती वाळत आल्यावर तो वास चांगलाच वाटायला लागला.

प्राणी कोणता करायचा याला बंधन नव्हतं. तरी नऊच्या नऊजणींनी बैल करायला घेतला. शेतकऱ्यांच्या पोरी, दुसरं काय करणार? अंगठा मातीत रुतला की पहिल्यांदा गार लागतं. मग बोटांमधली भिंत हळूहळू पातळ होत जाते, आणि एका क्षणी बाहेरच्या बोटांना आतला अंगठा जाणवायला लागतो. तिथं थांबायचं असतं. मी थांबत नसे. माझ्या तीन वाट्यांना तळ राहिला नाही. चौथी टिकली, पाचवी टिकली. त्या दोघींना तोंडाला तोंड लावून मी पातळ चिखलानं चिकटवलं, अंगठ्यानं सांधा दाबला आणि वरून इतकं सारवलं की बाई म्हणाल्या, "अगं, भिंत नाही बांधायची."

बाकीच्यांचे सांधे दिसतसुद्धा नव्हते. दुधनीच्या मुलीनं तर सांध्याला करंजीसारखी मुरड घातली आणि मग ती बोटानं पुसून टाकली, नुसती ऐट म्हणून. तिचा बैल वशिंड ताठ करून उभा राहिला. माझा बैल उभा राहिला आणि वाळता वाळता खाली बसला. पाय आखूड झाले, वशिंड सपाट झालं, शिंगं मागं पडून मानेला टेकली. मी त्याच्याकडं बघत बसले होते तेव्हा दुधनीची जवळ आली.

"ही तर म्हस झाली की गं," ती म्हणाली.

मला आधी संताप आला आणि मग एकदम सुटल्यासारखं वाटलं. मी लगेच बाईंना जाऊन सांगितलं की माझी म्हैस आहे. बाईंनी म्हैस हातात घेऊन चहूबाजूंनी पाहिली. "प्राणी म्हटलं होतं. म्हैस प्राणीच आहे," त्या म्हणाल्या, आणि तोंड दुसरीकडं वळवून हसल्या.

मग त्यांनी प्रत्येकीच्या हातात खराट्याची एकेक काडी दिली. पोटाखाली भोक पाडायचं, आतल्या पोकळीपर्यंत. भोक नसेल तर आतली वाफ कोंडते आणि आगीत प्राणी फुटतो. आम्ही हे वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली, आणि भोकं पाडली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मधे बेंदूर आला.

बेंदराला गावाकडं बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, आणि घरात मातीचे बैल मांडून पुजतात. वसतिगृहात त्या दिवशी सुट्टी नव्हती. रेक्टरबाईंनी पुरणपोळ्या करवल्या एवढंच. त्या ताटात पडल्या आणि कुणाच्याच घशाखाली उतरेनात. माझ्या डोळ्यांपुढं आमचा तांबडा बैल आला, शिंगाला निळा रंग लावताना मान हलवून माझा परकर रंगवणारा. दुधनीच्या मुलीचं दुःख तर दुप्पट. त्यांच्याकडं हा सण कारहुणवी म्हणून महिनाभर आधीच येतो, तोही तिचा वसतिगृहातच गेला होता. तिनं पोळी बाजूला सारली आणि म्हणाली, "आपल्याकडं नऊ बैल हायत की. मांडू या."

"आठ," मी म्हणाले.

आम्ही व्हरांड्यात पाट मांडला. हळद आणली, कुंकू आणलं, पाटाखाली रांगोळी घातली. दुधनीच्या मुलीनं आपला बैल उचलला, पाटावर ठेवणार तेवढ्यात उलटा करून पाहिला आणि परत खाली ठेवला.

"हेच्या पोटात भोक हाय," ती म्हणाली. "भोकाचा बैल पुजत न्हाईत."

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. टवका उडालेली, तडा गेलेली मूर्ती खंडित, आणि खंडिताची पूजा नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. मग ठरलं की भोकं आत्तापुरती बुजवायची, पूजा करायची आणि संध्याकाळी काडी घेऊन परत पाडायची. ओल्या मातीच्या बारीक गोळ्या करून आम्ही पोटं बुजवली. मी माझ्या म्हशीचंही बुजवलं. तिला कुणी पुजणार नव्हतं, तरी एकटीचंच कशाला उघडं ठेवायचं. दुधनीच्या मुलीनं बैलांना कुंकू लावता लावता माझ्या म्हशीलाही बोट लावलं. "दूध चालतं तिचं, मग ती का न्हाय?" ती म्हणाली. आम्ही पोळीचे तुकडे बैलांच्या तोंडाशी धरले, आणि मग आमच्याही घशाखाली पोळी उतरली. दोन दोन खाल्ल्या.

संध्याकाळी काड्या काढल्या. काडी हातात धरून नऊजणी बसलो, आणि एकीचाही हात पुढं होईना. दुपारी ज्याच्यापुढं हात जोडले, त्याच्या पोटात संध्याकाळी काडी खुपसायची? "माझ्या हातानं व्हायचं न्हाय," दुधनीची म्हणाली आणि काडी खाली ठेवली. मी एवढी कडक, माझ्याच्यानंही होईना, कारण म्हशीच्या कपाळावरचं कुंकू अजून ताजं होतं. शेवटी कुणीतरी शहाणी म्हणाली की मावशी एवढे मोठे माठ भाजते, ती काय त्यांना भोकं पाडते? आम्हाला ते पटलं. माठाला वर हे एवढं तोंड असतं, हे नऊजणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, आणि आम्ही सगळ्या उद्याच्या शिक्षिका होतो. बाईंना बुजवलेलं दिसू नये म्हणून वरून काव फिरवली, म्हणजे मावशीनं रंगासाठी दिलेली तांबडी माती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस उचलून पाहिली. मानेपासून शेपटीपर्यंत सांधा उकलला होता. नख आत जात होतं. मी चिखल भरला, तो वाळला आणि फट पुन्हा उघडली. पुन्हा भरला, पुन्हा उघडली. माझ्या करंजीनं माझा सोलापूरपर्यंत पाठलाग केला होता. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. मला शिकवायचं होतं. फळ्यापुढं उभं राहून पोरांना धडा समजावताना मला जे वाटायचं ते दुसऱ्या कशानंच वाटत नव्हतं, आणि ते एका म्हशीच्या पाठीमुळं जाणार होतं. तोंड धुऊन मी बाहेर आले आणि फटीवर काव फासली. ती लबाडी होती, हे मला कळत होतं.

आम्ही पाट्यांत कडबा घालून बैल नेले. मावशीनं ते तिच्या मडक्यांच्या मधे रचले, वरून गोवऱ्या, कडबा, राख, आणि सकाळीच आवा पेटवला. आम्ही समोर ओळीनं बसलो. धूर डोळ्यांत जात होता, मावशीनं आम्हाला फुटाणे दिले होते, दुधनीची कानडी गाणं म्हणत होती. एकदम आतून आवाज आला, फट्. आम्हाला वाटलं काटकी असेल. मग दुसरा आला. तिसरा आला तेव्हा मावशीचा फुटाण्याचा हात तोंडाशीच थांबला.

"पोरींनो, पोटाला भोकं ठिवली व्हती न्हवं?"

मावशीनं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिला कळलं. चौथा आवाज झाला, पाचवा झाला. मावशी बोटांवर मोजत होती. आठ आवाज झाल्यावर आवा शांत झाला. पुष्कळ वेळ वाट पाहूनही नववा आवाज आला नाही.

"एकीचा वाचला," ती म्हणाली. "कुणाचा ते उद्या थंड झाल्यावर."

वसतिगृहात परत जाताना आठजणी मनातल्या मनात देवाला विनवत होत्या, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. मी विनवलं नाही. धड सांधलेले बैल टिकले नाहीत तिथं माझी फाटकी म्हैस काय टिकणार? मी खोलीत गेले आणि ट्रंकेत वह्या रचायला लागले. दुधनीच्या मुलीनं त्या बाहेर काढून परत फळीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईही आल्या होत्या. मावशीनं राख बाजूला केली. आधी एक शिंग मिळालं, मग एक वशिंड, मग खापऱ्याच खापऱ्या. तिच्या स्वतःच्या दोन मडक्यांचेही टवके उडाले होते, ती तिनं बाजूला ठेवली. मग तिनं दोन्ही हात आत घातले आणि काहीतरी अख्खं, तांबडं, बसकं बाहेर काढलं. मला क्षणभर ओळखूच आलं नाही. मग मागं पडलेली शिंगं दिसली.

मला इतका आनंद झाला की त्याची लाजच वाटली, कारण शेजारी दुधनीची तिच्या बैलाचं डोकं हातात धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं आणि ती जी हसायला लागली ती खालीच बसली. मग आम्ही सगळ्याच हसलो. मावशी हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"भोकं कुणी बुजवली?"

"आमी सगळ्यांनी," दुधनीची म्हणाली. "बेंदराला पुजायची व्हती, बाई. भोकाची कशी पुजायची? आन् पुजल्यावर परत हात धजंना."

बाईंच्या माहेरीही बैल होते. त्यांनी एक खापरी उचलली, तिच्यावर हळदीचा डाग भाजून काळा झाला होता. "पुढच्या वेळी आधी भाजायचे आणि मग पुजायचे," एवढंच त्या म्हणाल्या.

परीक्षक त्याच दुपारी आले. म्हातारे गृहस्थ, धोतर नेसलेले, फार हळू बोलणारे. त्यांच्यापुढं टेबलावर एकटी माझी म्हैस. त्यांनी ती उचलली, वरची काव भाजताना उडून गेलेली फट त्यांना लगेच दिसली. त्यांनी तिच्यात नख घालून पाहिलं.

"वाफ इथून गेली. मुद्दाम ठेवलीस ही?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. बाई बघत होत्या. हो म्हटलं असतं तर कुणीही खोटं पाडलं नसतं. दुधनीची तर डोळ्यांनी मला हो म्हण, हो म्हण करत होती.

"नाही सर," मी म्हणाले. "मला मिटवता येत नाही. माझ्या करंज्यापण अशाच उघडतात. मी ती फट बुजवायला दोनदा चिखल भरला आणि वरून काव फासली."

त्यांनी म्हैस कानाशी धरली आणि नखानं टिचकी मारली. टण्ण असा आवाज झाला. मग दुसऱ्या बाजूनं मारली, तिथंही तसाच. "पक्की भाजली आहे," ते बाईंना म्हणाले. "ही फट आगीतली नाही, आगीच्या आधीची आहे. आग हिनं सोसलेली आहे. पाणी भरायला थोडीच आहे ही?" त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडं वळवला. मी काठावर पास झाले होते. काठ मला पुरेसा होता.

बाकीच्यांना आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा मिळाली. त्या आठ दिवसांत नवे आठ बैल झाले, आणि भोकं पाडायचं काम बाईंनी माझ्याकडं दिलं. मी काडी घेऊन बसायचे आणि एकेकजणी आपला बैल तोंड फिरवून माझ्यापुढं धरायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांची कुणाला तरी गरज होती. एकही बैल फुटला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी म्हैस कपड्यांत गुंडाळून घरी नेली. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली, फटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही उगडलीच का हितं?" मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हातानं करंज्या लाटत होती. वडिलांनी निकालाचा कागद दोनदा वाचला आणि पावण्यांचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर म्हैस देवाच्या कोनाड्यात होती, आणि पाठीच्या फटीत आईनं उदबत्ती खोचली होती. मी म्हणाले, "आई, खंडित हाय ती." आईनं ऐकलंच नाही. त्या वर्षी तिनं मला चुलीपाशी बसवलं. माझी पहिलीच करंजी तेलात उघडली, सारण बाहेर आलं, तेल काळं झालं. आईनं झाऱ्यानं ती बाहेर काढली आणि फुंकर मारून स्वतःच खाल्ली.

तेवढ्यात शेजारची काकू वाटी घेऊन आली. तिची नजर कोनाड्याकडं गेली आणि ती म्हणाली, "आगं बाई, देवापशी डुक्कर कुणी ठिवलंय?"

आई उठली. हाताचं पीठ पदराला पुसून तिनं म्हैस खाली घेतली आणि काकूच्या हातात दिली.

"डुक्कर न्हाय, म्हस हाय," आई म्हणाली. "माज्या पोरीच्या हातची."